प्रणालीच्या व स्वतंत्रपणे बसविलेल्या सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांमधील संघर्ष : कारणे, निदान व निराकरण

सारांश :

संगणकावरील बहुतेक आज्ञावल्या स्वयंपूर्ण नसतात. अनेक आज्ञावल्या मिळून वापरतात अशा सामायिक लायब्रऱ्यांवर त्या अवलंबून असतात. परिचालन प्रणालीसोबत आलेली लायब्ररी आणि वापरकर्त्याने स्वतंत्रपणे बसविलेली त्याच लायब्ररीची वेगळी आवृत्ती एकाच संगणकावर नांदू लागली की संघर्ष उद्भवतो. प्रस्तुत लेखात लिनक्स प्रणाली व पायथन भाषा यांच्या आधारे या संघर्षाची कारणमीमांसा केली असून, निदानाचा क्रम, निराकरणाचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाबरोबर येणारी जबाबदारी यांचा विचार केला आहे. संशोधनातील निष्कर्षांची पुनःपडताळणी आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेची सुरक्षितता या दोन्ही बाबी या प्रश्नाशी निगडित असल्याने तो केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहत नाही.

महत्त्वाच्या संज्ञा : सामायिक लायब्ररी, डायनॅमिक लिंकर, शोधक्रम, आवृत्ती, आभासी पर्यावरण, कंटेनर.

प्रास्ताविक :

‘लायब्ररी’ या शब्दाला मराठीत ‘ग्रंथालय’ हा रूढ प्रतिशब्द आहे. परंतु संगणकाच्या संदर्भात तो वापरल्यास अर्थाचा गोंधळ होतो. येथे लायब्ररी म्हणजे तयार कार्यपद्धतींचा असा संच, की जो कोणत्याही आज्ञावलीला गरजेनुसार बोलावता येतो. फाइल संकुचित करणे, वर्गसमीकरणांचा संच सोडविणे, संदेश सांकेतिक रूपात पाठविणे, देवनागरी जोडाक्षरे पडद्यावर उमटविणे ही कामे प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने लिहिण्याची गरज नसते. ती एकदाच लिहिली जातात आणि अनेकांकडून वापरली जातात.

या सोयीची एक किंमत आहे. जी वस्तू अनेकजण मिळून वापरतात ती एकाने बदलली तर इतरांची अडचण होऊ शकते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या विश्लेषणासाठी एखादी नवी लायब्ररी बसवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावरील सॉफ्टवेअर अद्ययावत करणारी यंत्रणाच बंद पडावी, असे घडू शकते. वरकरणी या दोन घटनांचा परस्परसंबंध दिसत नाही. तो कसा असतो, हे समजून घेणे हाच या लेखाचा हेतू होय.

उद्दिष्टे :

१) प्रणालीची लायब्ररी व स्वतंत्र लायब्ररी यांतील भेद स्पष्ट करणे.
२) संघर्ष कोणत्या टप्प्यावर व कशामुळे निर्माण होतो हे पाहणे.
३) निदानाची क्रमबद्ध रीत मांडणे.
४) निराकरणाच्या पर्यायांची गुणदोषांसह तुलना करणे.

(आज्ञांची व निर्देशिकांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्ष वापरताना ती रोमन लिपीत लिहावीत.)

१. दोन मालक, दोन जागा

लिनक्सच्या डेबियन, उबुंटू, रेड हॅट इत्यादी वितरणांमध्ये सॉफ्टवेअर बसविण्याचे काम पॅकेज व्यवस्थापक करतो. डेबियनमध्ये ‘डीपीकेजी’ व ‘एपीटी’, तर रेड हॅट परंपरेत ‘आरपीएम’ आणि त्यावर आधारित ‘यम’ किंवा ‘डीएनएफ’ ही साधने आहेत. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची आहे आणि कोणते पॅकेज कशावर अवलंबून आहे, याची नोंद हा व्यवस्थापक ठेवतो. वितरणातील सर्व पॅकेजेस एकमेकांशी जुळतील अशा आवृत्त्यांत निवडलेली असतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने विकसित केलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण डेबियनवरच बेतलेले असल्याने त्यालाही हेच नियम लागू पडतात.

याउलट, वापरकर्ता एखादे सॉफ्टवेअर मूळ स्रोतापासून संकलित करतो, अथवा ‘पिप’, ‘कोंडा’ यांसारख्या साधनांनी थेट आणतो, तेव्हा पॅकेज व्यवस्थापकाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. एकाच घरात दोन कारभारी असावेत आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला ठाऊक नसावा, तशी ही स्थिती होय.

हे दोन कारभार वेगळे राहावेत यासाठी निर्देशिकांच्या रचनेचे एक प्रमाण ठरविण्यात आले. १९९४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले; त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली. या प्रमाणानुसार ‘यूएसआर’ निर्देशिका वितरणाची. ‘यूएसआर/लोकल’ ही स्थानिक प्रशासकाची. आणि ‘ऑप्ट’ ही बाहेरून आलेल्या स्वयंपूर्ण सॉफ्टवेअरची. प्रणाली अद्ययावत करताना ‘यूएसआर/लोकल’मधील मजकुराला धक्का लागू नये, असा संकेत आहे.

जागा वेगळ्या केल्याने एक फाइल दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका टळतो. परंतु दोन्ही जागी एकाच नावाची लायब्ररी असेल तर चालू होणारी आज्ञावली त्यांपैकी कोणती उचलेल, हा प्रश्न शिल्लकच राहतो. संघर्षाचे मूळ येथे आहे.

२. नाव, आवृत्ती आणि शोधक्रम

लिनक्सवरील प्रत्येक सामायिक लायब्ररीच्या आत एक अंतर्गत नाव कोरलेले असते. त्याला ‘सो-नेम’ म्हणतात. या नावाच्या शेवटी सामान्यतः एक आवृत्ती-अंक असतो. जुन्या आज्ञावल्यांना बाधा येईल असा बदल लायब्ररीत झाला तर हा अंक बदलावा, असा दंडक आहे. १९९७ च्या सुमारास लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी पाचव्या अंकावरून सहाव्यावर गेली, ती याच कारणाने. अंक वेगळा असेल तर दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात. अंक तोच ठेवून आतील वर्तन मात्र बदलले असेल, तर अडचण येते.

आज्ञावली सुरू होताच ‘डायनॅमिक लिंकर’ नावाचा घटक तिला हव्या असलेल्या लायब्रऱ्या शोधू लागतो. त्याचा शोधक्रम पुढीलप्रमाणे असतो :

अ) आज्ञावलीतच नोंदवलेला ‘आरपाथ’ नावाचा जुन्या पद्धतीचा मार्ग; मात्र ‘रनपाथ’ नोंदवलेला असल्यास ‘आरपाथ’ विचारात घेतला जात नाही;
आ) ‘एलडी लायब्ररी पाथ’ या पर्यावरण-चलातील निर्देशिका;
इ) आज्ञावलीत नोंदवलेला ‘रनपाथ’ नावाचा नव्या पद्धतीचा मार्ग;
ई) ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेने आधीच तयार करून ठेवलेली सूची;
उ) शेवटी ‘लिब’ व ‘यूएसआर/लिब’ या नेहमीच्या निर्देशिका.

नावाशी जुळणारी जी योग्य फाइल प्रथम सापडेल तिच्यावर शोध थांबतो. ती अधिक नवी आहे की जुनी, याची तुलना लिंकर करीत नाही. वर्गात हजेरी घेताना एकाच नावाचे दोन विद्यार्थी असावेत आणि जो आधी ‘हजर’ म्हणेल त्याचीच नोंद व्हावी, तसा हा प्रकार आहे.

येथे वितरणागणिक एक फरक लक्षात घ्यावा लागतो. डेबियन व उबुंटू यांच्या सूचीत ‘यूएसआर/लोकल/लिब’ ही निर्देशिका मुळातच समाविष्ट असते. त्यामुळे तेथे टाकलेली लायब्ररी, सूची नव्याने तयार होताच, प्रणालीच्या लायब्ररीवर मात करते. रेड हॅट परंपरेत ती निर्देशिका सूचीत आपोआप नसते. त्यामुळे तेथे नेमकी उलट तक्रार ऐकू येते, की लायब्ररी बसवली तरी ती सापडत नाही. एकाच सूचनापत्रकाचे पालन करून दोन प्रयोगशाळांमध्ये दोन वेगळे परिणाम दिसतात, त्यामागे असे कारण असू शकते.

संघर्ष तीन रूपांनी प्रकट होतो. पहिले रूप म्हणजे लायब्ररी मुळीच न सापडणे. आज्ञावली सुरू होत नाही आणि तसा संदेश मिळतो. दुसरे रूप म्हणजे लायब्ररी सापडते, पण तिच्यात हवा तो भाग नसतो. सी-प्लस-प्लस भाषेची प्रमाण लायब्ररी हे याचे ठळक उदाहरण. २००४ मध्ये आलेल्या जीसीसी ३.४ पासून तिचे अंतर्गत नाव सहाव्या अंकावर स्थिर आहे. नव्या सुविधा आल्या की आत केवळ नवी आवृत्ति-चिन्हे वाढवली जातात. म्हणून नवी प्रत जुन्या आज्ञावलीला चालते, पण जुनी प्रत नव्या आज्ञावलीला पुरत नाही. कोंडाने आणलेली व प्रणालीची अशा दोन प्रतींपैकी जुनी प्रत आधी सापडली, तर अमुक चिन्ह उपलब्ध नाही असा संदेश येतो. तिसरे रूप सर्वांत घातक आहे. लायब्ररी सापडते, आज्ञावली चालते, परंतु वर्तन वेगळे असते. एकाच आज्ञावलीत दोन मार्गांनी एकाच लायब्ररीच्या दोन पिढ्या शिरल्या आणि दोहोंत समान नावाची कार्ये असली, तर एकीचे काम दुसरीकडे सोपवले जाऊ शकते. मग आज्ञावली मध्येच कोसळते किंवा चुकीचे उत्तर देते.

३. पायथनमधील तोच प्रश्न

महाविद्यालयात आज पायथन भाषा संगणकशास्त्राबरोबरच भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, भाषाविज्ञान अशा अनेक विभागांत वापरली जाते. तिचा शोधक्रमही याच तत्त्वावर चालतो. प्रथम चालू आज्ञावलीची स्वतःची निर्देशिका, नंतर ‘पायथनपाथ’ या चलातील निर्देशिका, त्यानंतर भाषेची प्रमाण लायब्ररी, मग वापरकर्त्याच्या खात्यातील खाजगी संग्रह आणि अखेरीस संपूर्ण संगणकासाठीचा संग्रह, असा हा क्रम सामान्यतः असतो.

विद्यार्थ्याने आपल्या पहिल्याच स्वाध्यायाच्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’ असे नाव द्यावे आणि त्याच नावाचे प्रमाण मोड्यूल चालेनासे व्हावे, हा या क्रमाचा प्राथमिक धडा होय. तसेच, वापरकर्त्याच्या खात्यातील संग्रह संगणकाच्या सामायिक संग्रहाआधी पाहिला जात असल्याने एकच आज्ञावली एका खात्यावर चालते आणि त्याच संगणकावरील दुसऱ्या खात्यावर चालत नाही. असे आढळल्यास दोष संगणकात न शोधता खात्यात शोधावा.

परंतु याहून गंभीर बाब अशी, की लिनक्स वितरणांची अनेक प्रशासकीय साधने स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली असतात. सेंटॉस ७ मधील ‘यम’ हा पॅकेज व्यवस्थापक पायथन २.७ वर अवलंबून होता. कोणी प्रशासकाने ‘पायथन’ या नावाची जोडणी नव्या आवृत्तीकडे वळवली की यम चालणे बंद होई. म्हणजे दुरुस्तीचे साधनच निकामी होई. डेबियन परंपरेत प्रशासकीय अधिकाराने पिप चालवल्यास पॅकेज ‘यूएसआर/लोकल’खाली जाते आणि वितरणाच्या प्रतीआधी सापडते. परिणामी प्रणालीची साधने कधी चाचणी न झालेल्या आवृत्तीवर चालू लागतात.

या अनुभवातून पायथन समुदायाने ‘पेप ६६८’ हा प्रस्ताव स्वीकारला. त्यानुसार वितरण आपल्या पायथनच्या निर्देशिकेत एक खूणफाइल ठेवते आणि ही व्यवस्था बाहेरून नियंत्रित आहे असे जाहीर करते. जानेवारी २०२३ मधील पिप २३.० पासून ही खूण मानली जाते. उबुंटू २३.०४ आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ती आहे. त्यामुळे तेथे प्रणालीच्या पायथनमध्ये थेट पॅकेज बसवू पाहिल्यास पिप नकार देते व आभासी पर्यावरण तयार करण्यास सुचवते. हा नकार डावलण्याचा एक पर्याय उपलब्ध आहे. परंतु ‘प्रणालीची पॅकेजेस मोडा’ अशा अर्थाचे त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. अनेक ठिकाणी हा पर्याय सर्रास सुचवला जातो. तो अडचण सोडवत नाही; अडचणीची सूचना देणारी घंटा काढून टाकतो.

४. निदानाचा क्रम

औषधापूर्वी निदान हे तत्त्व येथेही लागू पडते. दिसेल ती फाइल हलवणे किंवा पुसणे यातून मूळ दोष झाकला जातो. पुढील क्रम उपयुक्त ठरतो :

पहिली पायरी : नेमकी कोणती आज्ञावली चालते आहे? ‘टाइप’ ही आज्ञा ‘-ए’ या पर्यायासह दिल्यास एकाच नावाच्या सर्व प्रती क्रमाने दिसतात. अनेकदा प्रश्न लायब्ररीचा नसून आज्ञावलीचीच दुसरी प्रत चालत असल्याचा असतो.

दुसरी पायरी : तिला कोणत्या लायब्रऱ्या मिळत आहेत? ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रत्येक लायब्ररीचे नाव व ती जेथे सापडली ती जागा दाखवते. मात्र अविश्वसनीय फाइलवर ती चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती फाइल प्रत्यक्ष चालवली जाऊ शकते. अशा वेळी ‘ऑब्जडंप’ने केवळ नोंदी वाचाव्यात. अधिक तपशील हवा असल्यास ‘एलडी डीबग’ हे चल ‘लिब्ज’ या मूल्यासह द्यावे. मग लिंकरने कोठे कोठे शोध घेतला याचा संपूर्ण वृत्तांत मिळतो.

तिसरी पायरी : सापडलेल्या फाइलचा मालक कोण? डेबियनमध्ये ‘डीपीकेजी -एस’, तर रेड हॅटमध्ये ‘आरपीएम -क्यूएफ’ या आज्ञा ते सांगतात. मालक नसेल तर ती फाइल बाहेरून आलेली आहे, असा निष्कर्ष बहुतांशी निघतो.

चौथी पायरी : पर्यावरण-चले तपासावीत. ‘एलडी लायब्ररी पाथ’ आणि ‘पायथनपाथ’ ही चले पूर्वी कोणी तरी प्रारंभ-फाइलमध्ये लिहून ठेवलेली असतात व विस्मृतीत गेलेली असतात. ती तात्पुरती रिकामी करून आज्ञावली पुन्हा चालवावी.

पाचवी पायरी : पायथनच्या बाबतीत मोड्यूलचे ‘फाइल’ हे गुणमूल्य छापून ते कोठून आले ते पाहावे. ‘-आय’ या मोठ्या अक्षरातील पर्यायाने पायथन विलग अवस्थेत चालवल्यास चले व खाजगी संग्रह बाजूला राहतात. त्या अवस्थेत दोष नाहीसा झाला, तर कारण त्या दोहोंतच किंवा चालू निर्देशिकेत आहे हे निश्चित होते.

सहावी पायरी : प्रणालीच्या फाइल बदलल्या गेल्या आहेत काय? ‘आरपीएम -व्ही’ किंवा ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ या आज्ञा मूळ नोंदीशी तुलना करून बदललेल्या फाइल दाखवतात. तसे आढळल्यास ते पॅकेज पुन्हा बसवून मूळ स्थिती आणावी आणि मगच पुढे जावे.

५. एक उदाहरण : सेंटॉस ७, ओपनएसएसएल व पायथन ३.१०

या तत्त्वांचा एकत्रित प्रत्यय देणारे एक उदाहरण पाहू. सेंटॉस ७ हे वितरण २०१४ मध्ये आले आणि अनेक वर्षे शैक्षणिक संस्थांच्या सर्व्हरवर वापरात होते. त्यात संदेश सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीची १.०.२ ही आवृत्ती होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० प्रसिद्ध झाले. त्याला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. सेंटॉस ७ वर ते स्रोतापासून संकलित केले तर काम वरकरणी यशस्वी होई. परंतु ‘एसएसएल’ मोड्यूल तयार होत नसे. ही उणीव पुढे पिपने पॅकेज आणू पाहिल्यावर उघडकीस येई.

येथे तीन चुकीचे मार्ग मोहात पाडतात. पहिला, प्रणालीची ओपनएसएसएल काढून तेथे नवी ठेवणे. तसे केल्यास दूरस्थ प्रवेशाची सेवा आणि पॅकेज आणणारी यंत्रणा एकाच वेळी कोसळू शकतात आणि सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद होतो. दुसरा, जुन्या नावाची जोडणी नव्या फाइलकडे वळवणे. नावातील अंक मुद्दाम वेगळा केलेला असताना तो खोटा ठरवणे म्हणजे दुसऱ्याच्या ओळखपत्रावर परीक्षेस बसवणे होय. तिसरा, सर्वांसाठीच्या प्रारंभ-फाइलमध्ये ‘एलडी लायब्ररी पाथ’ लिहिणे. याने एका आज्ञावलीची गरज भागते, पण त्या निर्देशिकेत पुढे जे काही येईल ते सर्व आज्ञावल्यांवर लादले जाते. मूलभूत सी लायब्ररीची परकी प्रत अशा मार्गात आली तर साध्या साध्या आज्ञाही चालेनाशा होतात.

योग्य मार्ग असा. प्रथम वितरणाच्या परंपरेतच जोड-पॅकेज मिळते काय ते पाहावे. सेंटॉस ७ साठी ‘एपेल’ या जोड-संग्रहात ओपनएसएसएल १.१ चे शेजारी राहू शकणारे पॅकेज उपलब्ध होते. ते न चालल्यास नवी ओपनएसएसएल ‘ऑप्ट’खालील स्वतंत्र निर्देशिकेत संकलित करावी आणि पायथन संकलित करताना त्या निर्देशिकेचा मार्ग त्याच्यात नोंदवावा. पायथन ३.१० मध्ये यासाठी खास पर्याय देण्यात आला आहे. अशा रीतीने नवी लायब्ररी केवळ ज्याला हवी त्यालाच मिळते. इतरांना तिचा पत्ताही लागत नाही.

तथापि गोष्ट येथे संपत नाही. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी आणि सेंटॉस ७ चा ३० जून २०२४ रोजी संपला. त्या वेळी उत्तम ठरलेली योजना आज तशीच चालू असेल तर ती धोक्याची आहे. अशा सर्व्हरसाठी आता खरा उपाय म्हणजे नव्या वितरणावर स्थलांतर हाच होय.

६. निराकरणाचे पर्याय

उपलब्ध पर्याय सर्वांत सौम्य उपायापासून पुढे मांडता येतात.

(अ) वितरणाचेच पॅकेज वापरणे : आवृत्ती थोडी जुनी असली तरी काम भागत असेल तर हा पर्याय श्रेयस्कर. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप मिळतात.

(आ) आभासी पर्यावरण : पायथन ३.३ (२०१२) पासून ‘व्हेन्व्ह’ ही सुविधा भाषेतच आहे. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र संग्रह मिळतो. निर्देशिका पुसली की सर्व पुसले जाते. मात्र हे विलगीकरण पायथनच्या पॅकेजपुरते असते. सी भाषेतील लायब्रऱ्या प्रणालीच्याच वापरल्या जाऊ शकतात, हे विसरू नये.

(इ) स्वतंत्र निर्देशिका व नोंदवलेला मार्ग : वरील उदाहरणातील हा उपाय. सर्वांसाठी चल लिहिण्याऐवजी, लागल्यास, त्या एका आज्ञावलीपुरते चल देणारी छोटी आवरण-आज्ञावली लिहावी. महासंगणक केंद्रांत ‘एन्व्हायर्न्मेंट मोड्यूल्स’ ही व्यवस्था १९९० च्या दशकापासून हेच काम शिस्तबद्धपणे करते.

(ई) कंटेनर : २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत सर्वदूर पसरली. आज्ञावली व तिच्या सर्व लायब्रऱ्या एका बंदिस्त प्रतिमेत ठेवल्या जातात. संघर्ष जवळजवळ संपतो. पण प्रत्येक प्रतिमा म्हणजे सांभाळावयाची एक लहान प्रणालीच असते.

(उ) मुळातून वेगळी रचना : ‘निक्स’ या व्यवस्थेत प्रत्येक पॅकेज, ते कशापासून बनले याच्या गणिती ठशासह, स्वतंत्र निर्देशिकेत राहते. दोन आवृत्त्यांचा एकमेकींशी संबंधच येत नाही. शिकण्याचा भार मात्र अधिक आहे.

हा प्रश्न केवळ लिनक्सचा नाही. विंडोजमध्ये एका सॉफ्टवेअरने सामायिक लायब्ररी बदलल्याने दुसरे बंद पडण्याचे प्रकार १९९० च्या दशकात इतके वाढले, की विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या फाइलना संरक्षण देण्यात आले आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय करण्यात आली. दोन्ही परंपरा वेगवेगळ्या वाटांनी एकाच निष्कर्षाप्रत आल्या : प्रणालीचे ते प्रणालीचे आणि आपले ते आपले.

७. विलगीकरणाची किंमत

प्रत्येक आज्ञावलीने स्वतःची लायब्ररी बाळगली तर संघर्ष उरणार नाही. मग सामायिक लायब्ररी हवीच कशाला, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर एप्रिल २०१४ मध्ये मिळाले. ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गोपनीय मजकूर बाहेरच्या व्यक्तीला वाचता येत होता. ज्या संगणकांवर प्रणालीची सामायिक लायब्ररी वापरात होती तेथे एक पॅकेज अद्ययावत करून संबंधित सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. जेथे आज्ञावल्यांनी स्वतःच्या प्रती पोटात बाळगल्या होत्या तेथे प्रत्येक प्रत शोधून बदलावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीतील दोष उघड झाला, तेव्हा तर ही लायब्ररी आपल्याकडे कोठे कोठे आहे हेच अनेक संस्थांना आधी शोधावे लागले.

म्हणजेच विलगीकरण संघर्ष मिटवते आणि त्याच वेळी देखभालीची जबाबदारी वितरणाच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर आणते. जितक्या प्रती, तितकी जबाबदारी. हा व्यवहार जाणीवपूर्वक केला तर योग्य. नकळत झाला तर घातक.

८. संशोधन व भाषा यांच्या संदर्भात

संख्यात्मक संशोधनात या प्रश्नाला वेगळे परिमाण आहे. पिपने आणलेले ‘नमपाय’ हे पॅकेज ‘ओपनब्लास’ ही गणिती लायब्ररी सामान्यतः आपल्यासोबतच आणते. त्याच संगणकावरील ‘आर’ भाषा मात्र प्रणालीची वेगळी गणिती लायब्ररी वापरत असू शकते. बेरजांचा क्रम भिन्न असल्यास दशांशचिन्हानंतरच्या अखेरच्या अंकांत फरक पडतो. बहुधा तो नगण्य असतो; पण अस्थिर पद्धतीत तोच वाढत जाऊन निष्कर्षापर्यंत पोहोचू शकतो. शोधप्रबंधात केवळ ‘पायथनच्या साहाय्याने विश्लेषण केले’ असे लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी परिशिष्टात दिली नाही, तर काही वर्षांनी स्वतः संशोधकालाही तेच आकडे पुन्हा काढून दाखवता येतील याची शाश्वती नाही.

भाषाविभागांनाही हा प्रश्न परका नाही. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार व ‘दुसऱ्या’मधील अर्धा र योग्य रीतीने मांडण्याचे काम मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मुख्यतः ‘हार्फबझ’ ही लायब्ररी करते. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रमुख प्रणालींवर तिचा स्वीकार केला. फायरफॉक्स तिची स्वतःची प्रत सोबत बाळगतो. त्यामुळे एकच फाँट व एकच मजकूर दोन आज्ञावल्यांत किंचित वेगळा दिसला, तर दोष फाँटचाच आहे असे मानण्यापूर्वी लायब्ररीच्या आवृत्त्याही पडताळून पाहाव्यात.

९. महाविद्यालयांसाठी काही सूचना

१) प्रयोगशाळेतील संगणकांवर प्रशासकीय अधिकार मोजक्या व्यक्तींकडे असावेत. विद्यार्थ्यांना आभासी पर्यावरण तयार करण्याची मुभा व प्रशिक्षण द्यावे. मग अधिकाराची मागणी आपोआप कमी होते.
२) वितरणाबाहेरून बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची नोंद एका वहीत ठेवावी : नाव, आवृत्ती, जागा, दिनांक, प्रयोजन आणि बसवणाऱ्याचे नाव.
३) प्रत्येक प्रकल्पासोबत आवृत्त्यांची यादी जतन करावी. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा किंवा आर भाषेतील ‘सेशनइन्फो’ हे कार्य त्यासाठी पुरेसे आहे.
४) प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी नव्या, कोऱ्या खात्यावर सर्व आज्ञावल्या चालवून पाहाव्यात. शिक्षकाच्या खात्यावर चालते म्हणून विद्यार्थ्याच्या खात्यावरही चालेल, असे गृहीत धरू नये.
५) वर्षातून एकदा वहीतील नोंदी पाहून ज्यांचा आधार संपला आहे ती सॉफ्टवेअर काढून टाकावीत.

निष्कर्ष :

प्रणालीची लायब्ररी व स्वतंत्र लायब्ररी यांतील संघर्ष हा सॉफ्टवेअरच्या दर्जाचा दोष नसून शोधक्रम आणि मालकी यांविषयीच्या अज्ञानातून उद्भवणारा प्रश्न आहे. कोणती फाइल, कोठून व कोणाच्या नियमाने आली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निराकरण बहुधा साधे असते. प्रणालीच्या फाइलना हात न लावणे, आपली गरज आपल्या प्रकल्पाच्या चौकटीत भागवणे आणि वेगळ्या केलेल्या प्रत्येक प्रतीची देखभाल स्वीकारणे, ही तीन पथ्ये पाळल्यास बहुतेक संघर्ष टळतात. यांपैकी तिसरे पथ्य पाळणे सर्वांत अवघड आहे, कारण बसवण्याचे काम एका दुपारचे असते आणि सांभाळण्याचे अनेक वर्षांचे. संशोधनाची विश्वसनीयता व संस्थेच्या माहितीची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अखेर त्या सांभाळण्यावरच अवलंबून राहतात.